मोटारीचा श्वास मोजणारा कांटा

मोटारीच्या पुढील फळीवर वेग दाखविणारा कांटा असतो, पेट्रोल किती उरलें तें सांगणारा असतो, इंजिन किती तापलें तें दाखविणाराही असतो. परंतु इंजिन ज्या दोन वस्तूंवर जगतें त्या हवेचें व पेट्रोलचें परस्पर प्रमाण दाखविणारा कांटा कारखान्यांतून निघालेल्या मोटारींत सहसा आढळत नाहीं. हौशी लोक तो मागाहून बसवून घेतात. कांटा दिसावयास साधा. पण त्याचा वंशवृक्ष पाहूं गेल्यास तो एका विझून गेलेल्या दिव्यापाशीं आणि एका शहराच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांपाशीं जाऊन पोंचतो.

एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतें, काजळी धरते व विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. उलट, पूर्ण जोरानें चढ चढत असतां हवा अधिक झाली तर इंजिन भलतेंच तापतें, ठोके देऊं लागतें व प्रसंगीं पिस्टनला भोंक पडतें. कार्ल बेंझ यानें १८८६ सालीं ज्या मोटारीचें पेटंट घेतलें तिच्यांत हें प्रमाण राखण्याची सोय अगदींच ओबडधोबड होती. इंधनाच्या पृष्ठभागावरून जाणारी हवा जेवढी वाफ उचलील तेवढी खरी. पुढें १८९३ सालीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, आणि त्याच सुमारास हंगेरींत बांकी व चोन्का या जोडीनें, बारीक तोटींतून इंधनाचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. मोटारधंद्याचें त्यावर पाऊण शतक निभावलें.

मिश्रण करणारें यंत्र आलें, पण तें मिश्रण बरोबर झालें कीं नाहीं हें सांगणारें कोण? तें काम मिस्त्रीच्या कानाडोळ्यांकडे आलें. स्पार्क प्लग खोलून पहावयाचा. काळाकुट्ट निघाला तर पेट्रोल अधिक, पांढराफटक निघाला तर हवा अधिक, तपकिरी निघाला तर सर्व ठीक. ही विद्या पोकळ मुळींच नव्हे, आणि चांगल्या मिस्त्रीच्या हातीं ती पुष्कळ काम देते. मात्र इंजिन मागें कसें चाललें होतें एवढेंच प्लग सांगतो. या क्षणीं काय चाललें आहे हें त्याला सांगतां येत नाहीं.

या क्षणाची बातमी देणारा पदार्थ मोटारीसाठीं शोधला गेलाच नव्हता. जर्मनींतील गटिंगेन येथें वाल्थर नेर्न्स्ट नांवाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १९२० सालचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें विजेचा एक नवा दिवा केला. त्यांतील कांडी धातूची नसून झिर्कोनिया व तत्सम मृत्तिकांची होती, त्यामुळें ती उघड्या हवेंतही जळून जात नसे. पण खोड अशी कीं, थंड असतां ही कांडी वीज वाहूं देत नसे; ती आधीं तापवावी लागे, मग दिवा लागे. टंगस्टनच्या तारेचे दिवे निघाले आणि हा दिवा मागें पडला. आश्चर्य असें कीं, याच नेर्न्स्टनें १८८९ सालीं विद्युत्-घटाच्या दाबाचें एक समीकरण मांडलें होतें. दिव्याची कांडी आणि समीकरण हीं दोन्हीं त्याच्या हातांत होतीं, तो स्वतः मोटारीचा शौकीनही होता, तरी मोटारींत त्यांची गांठ पडावयास पुढें कित्येक दशकें जावीं लागलीं. तापलेल्या झिर्कोनियांतून ऑक्सिजनचे भारित कण सरकतात, हा त्यांतील मर्माचा उलगडा कार्ल वाग्नर यानें १९४३ सालीं केला.

त्याच १९४३ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर असें दाट धुरकें उतरलें कीं, लोकांचे डोळे झोंबूं लागले व शत्रूनें विषारी वायू सोडला असावा असा कित्येकांचा समज झाला. हें धुरकें कशाचें, याचा शोध हागेन-स्मिट नांवाच्या मूळ डच शास्त्रज्ञानें लावला. अननसाच्या सुवासाचें पृथक्करण करणारा हा गृहस्थ शहराच्या हवेकडे वळला आणि मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें विष बनतें, असें त्यानें १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत दाखवून दिलें. १९७० च्या अमेरिकन कायद्यानें मोटारींच्या धुरांतील घाण नव्वद टक्क्यांनीं कमी करण्याचें बंधन घातलें. त्यावर उपाय म्हणून धुराच्या नळींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याचा सुधारलेला प्रकार तिन्ही विषांवर एकदम काम करतो. पण मिश्रण त्या १४.७ च्या अगदीं आसपास राहिलें तरच. इतकें बारीक काम कार्ब्युरेटरच्या व मिस्त्रीच्या आटोक्याबाहेरचें होतें. तेव्हां १९७६ सालीं बॉश कंपनीचा झिर्कोनियाचा सेन्सर व्होल्वो मोटारींत बसून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर आला.

त्याची रचना अंगुस्तानासारखी: आंत बाहेरची शुद्ध हवा, बाहेरून इंजिनचा धूर. धुरांत ऑक्सिजन नसला तर सुमारें ०.९ व्होल्ट, शिल्लक असला तर ०.१. पेट्रोलमध्यें शिसें असेल तर मात्र हा सेन्सर व कन्व्हर्टर दोघेही निकामी होतात. म्हणून देशोदेशीं शिशाची हकालपट्टी झाली. मुंबईसह भारतांतील चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ सालीं आलें आणि २००० सालीं तें देशभर झालें. यंत्राच्या नाजुकपणामुळें मुलांच्या रक्तांतील विष कमी व्हावें, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

त्या पहिल्या सेन्सरला 'कमी' आणि 'अधिक' एवढेच दोन शब्द येत. त्याला जोडलेल्या कांट्याचे दिवे नुसते इकडून तिकडे लुकलुकत. किती कमी, किती अधिक, हें सांगणारा विस्तृत टप्प्याचा सेन्सर १९९० नंतरच्या दशकांत मोटारींत आला, आणि खरा उपयोगी कांटा त्यालाच जोडतात. तो बसविण्यासाठीं कन्व्हर्टरच्या अलीकडे धुराच्या नळीला भोंक पाडून आंटे असलेलें कडें वेल्डिंगनें जोडतात. सेन्सर किंचित् वर तोंड करून ठेवतात, कारण थंड नळींत साठलेलें पाणी तापलेल्या झिर्कोनियावर पडलें तर ती तडकते. नेर्न्स्टच्या दिव्याप्रमाणें हाही तापल्यावांचून काम करीत नाहीं. म्हणून त्याच्या पोटांत विजेची शेगडी असते, व इंजिन चालू असतां ती बंद ठेवल्यास सेन्सर काजळीनें बुजतो. आणखी एक दगा आहे. सेन्सरच्या अलीकडे नळीचा सांधा फुटका असेल तर बाहेरची हवा आंत शिरते, कांटा 'हवा अधिक' असें खोटेंच सांगतो, आणि मालक भोळेपणानें पेट्रोल वाढवीत बसतो.

भारतांत २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रघात सर्वत्र पडला. इथेनॉलच्या अंगींच ऑक्सिजन असल्यामुळें त्याला वजनाच्या नऊपटच हवा पुरते. तेव्हां या मिश्र इंधनाचें योग्य प्रमाण सुमारें १३.५ होतें. तरीही शुद्ध पेट्रोलसाठीं लावलेला कांटा १४.७ च दाखवितो. कारण सेन्सरला इंधन ओळखतां येत नाहीं. ऑक्सिजनची शिल्लक वा तूट तेवढी त्याला कळते, आणि १४.७ नें गुणण्याचें काम कांट्याच्या डबींत होतें. जाणते लोक म्हणून कांटा आंकड्याऐवजीं लॅम्डा या मापावर लावून ठेवतात. त्या मापांत इंधन कोणतेंही असो, योग्य प्रमाण म्हणजे १.