पिवळा ओटा

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे गाव तेथील विष्णु-वराहाच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित आहे. काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त तेथे गेलो असता एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे उतरण्याचा योग आला. सकाळी चहा घेताना ते म्हणाले, ‘‘काय हो, हा चुना दिलेला ओटा तुम्हांला पिवळा दिसतो का? मला तर आठ दिवस सारे जग हळदीने माखल्यासारखे दिसते आहे.’’ त्यांची अन्नावरची वासना उडाली होती. उलट्याही होत होत्या. वयोमानाने असे व्हायचेच, अशी घरच्यांनी मनाची समजूत घातली होती.

इतिहासाचा विद्यार्थी असताना वाचलेली एक हकीकत मला त्या क्षणी आठवली. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना डिजिटॅलिस ही वनस्पती देऊन पाहिली आणि १७८५ साली आपले अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. दीडशेहून अधिक रोग्यांच्या त्या वृत्तांतात त्याने यशाबरोबर अपयशही नोंदविले. मात्रा अधिक झाली तर उलट्या होतात, नाडी मंदावते व वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे.

खुंटीवरची औषधांची पिशवी उतरविली. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत हृदयासाठी डिजॉक्सिन, म्हणजे त्याच डिजिटॅलिसच्या कुळातले औषध होते. दुसरीत सूज उतरावी म्हणून लघवी वाढविणारी गोळी होती. ही गोळी शरीरातील पोटॅशियम बाहेर टाकते आणि पोटॅशियम घटले की डिजॉक्सिनचा हृदयावरील जोर वाढतो. शिवाय डिजॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडाचे काम वयाबरोबर मंदावते. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच होती. पण ती एका देहात एकत्र आली आहेत, हे पाहणारा कोणी नव्हता.

वृद्धांचा देह निराळा असतो, हे शास्त्राला पुरते उमगण्यास फार काळ लागला. ब्रिटनमध्ये १९८० साली सांधेदुखीवर ‘ऑप्रेन’ नावाचे औषध विक्रीस आले. ते वृद्धांच्या शरीरात तरुणांपेक्षा कितीतरी अधिक काळ रेंगाळत असे. १९८२ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या डॉक्टरांनी वृद्ध रोग्यांचे कावीळ होऊन झालेले मृत्यू प्रसिद्ध केले आणि ऑगस्टमध्ये ते औषध मागे घेण्यात आले. पुढे १९९१ साली अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी वृद्धाश्रमातील रहिवाशांस कोणती औषधे शक्यतो देऊ नयेत, याची सूची केली. नव्या औषधांची पारख वृद्धांवरही व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १९९३ साली आले. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद ठेवणारा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे केंद्र २०११ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. तेथे डॉक्टरच नव्हे, तर रोगीही आपला अनुभव कळवू शकतो.

त्याच दुपारी आम्ही गुरुजींना ती पिशवी घेऊन जबलपूरला नेले. तेथील डॉक्टरांनी रक्त तपासले, डिजॉक्सिन काही दिवस थांबविले व मग मात्रा कमी केली. पंधरवड्याने त्यांचे पत्र आले: ‘ओटा पांढरा झाला.’

श्रोतेहो, आपल्या मनाने औषध बंद करणे हाही धोकाच आहे. तसे कोणी करू नये. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या सर्व औषधांची एक यादी एका कागदावर करावी. तीत दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, काढा, चूर्ण हेही असावे आणि प्रत्येक डॉक्टरापुढे तो कागद ठेवावा. म्हातारे माणूस नव्याने काही तक्रार करू लागले, तर तो दोष वयाच्या माथी मारण्यापूर्वी खुंटीवरची पिशवी एकदा खाली काढून पाहावी.