डीएनए संशोधनाचा इतिहास आणि परभणी परिसरातील शेती : एक आढावा

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील जीवविज्ञानाची वाटचाल प्रामुख्याने डीएनए या रेणूभोवती झाली. हे संशोधन प्रयोगशाळेतून परभणीच्या कोरडवाहू शेतापर्यंत कसे पोहोचले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८६९ मध्ये स्विस संशोधक फ्रेडरिक मिशर यांनी जखमेच्या पट्ट्यांवरील पुवाच्या पेशींमधून ‘न्यूक्लीन’ वेगळे केले. पुढे अनेक दशके आनुवंशिक गुणांची वाहक प्रथिनेच असावीत, असा समज होता. १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून हे कार्य डीएनएचे असल्याचे दाखविले. १९५३ मध्ये वॉटसन व क्रिक यांनी त्याची दुहेरी सर्पिल रचना मांडली. तिला रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील क्ष-किरण छायाचित्राचा आधार होता. परंतु १९६२ च्या नोबेल पारितोषिकापूर्वीच, १९५८ मध्ये, त्यांचे निधन झाले. जनुकीय संकेताच्या उलगड्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परभणी व मराठवाडा :
१९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण ‘पुसा सावनी’ व एक रानटी जाती यांच्या संकरातून तयार झाला. केवडा रोगाचा प्रतिकार करण्याचा गुण त्यात रानटी जातीतून आला. विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा संकरित कापूसही कोरडवाहू शेतकऱ्यांत लोकप्रिय झाला.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. त्यात जालन्याच्या महिको कंपनीचे संकरित वाण होते. जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्याने बोंडअळीस मारक प्रथिन झाडातच तयार होऊ लागले. बीटी नसलेले ‘नांदेड-४४’ मात्र मागे पडले. पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. संकरित वाण असल्याने शेतकऱ्यास दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. त्यामुळे कीड परतली तेव्हा फवारणीचा खर्च बियाण्याच्या खर्चावर चढला.

२०१८ मध्ये इक्रिसॅटने विकसित केलेला लोह व जस्तयुक्त ज्वारीचा ‘परभणी शक्ती’ हा वाण विद्यापीठाने प्रसारित केला. तो पारंपरिक पैदास पद्धतीने निर्माण झाला असून शेतकऱ्यास त्याचे बियाणे घरी राखता येते.

निष्कर्ष :
डीएनएच्या ज्ञानाने शेतीला नवी साधने दिली. परंतु कीडही बदलते. म्हणून कोणतेही एक जनुक कायमचा उपाय ठरत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने वाणाच्या उत्पादनाइतकाच त्याच्या बियाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. त्यामुळे या क्षेत्रात सार्वजनिक संशोधन संस्थांची भूमिका अधिक बळकट होणे आवश्यक आहे.