दौऱ्यामागचा दौरा

‘डेडहेड’ हा शब्द अमेरिकी इंग्रजीत एकोणिसाव्या शतकापासून रूढ होता आणि तिकीट न काढता नाटकाला येऊन बसणाऱ्या किंवा फुकटच्या पासावर प्रवास करणाऱ्या माणसाला तो थट्टेने लावला जात असे. १९७०च्या दशकात तोच शब्द ‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियातील रॉक बँडच्या चाहत्यांना लागला तो केवळ नावावरच्या कोटीमुळे. परंतु या चाहत्यांनी पुढे वीस-पंचवीस वर्षे गावोगाव बँडच्या मागे फिरण्याची जी प्रथा उभी केली, तिच्या भरभराटीत आणि तिच्या ऱ्हासातही विनातिकीट माणसाचाच मोठा वाटा राहिला.

जेरी गार्सिया, बॉब वेअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि ‘पिगपेन’ या नावाने ओळखला जाणारा रॉन मॅककर्नन या पाच जणांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस पालो आल्टो परिसरात हा बँड सुरू केला, आणि पुढच्या तीस वर्षांत त्याचे सुमारे २३०० कार्यक्रम झाले. एरवी रॉक बँडचा दौरा म्हणजे नव्या तबकडीतील ठरावीक गाणी ठरावीक क्रमाने प्रत्येक शहरात वाजवणे, आणि अशा दौऱ्यातला एक कार्यक्रम ऐकला की सगळे ऐकल्यासारखेच असते. ग्रेटफुल डेडच्या गाण्यांचा क्रम मात्र आधी ठरलेला नसे. शंभराहून अधिक गाण्यांच्या साठ्यातून त्या रात्री जे सुचेल ते निघे, आणि एखादे गाणे पाच मिनिटांत आटपेल की अर्ध्या तासापर्यंत लांबेल, हे वादकांनाही ठाऊक नसे. एकच राग दोन बैठकींत सारखा होत नाही हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, आणि बालगंधर्वांचे तेच पद आज कसे रंगते हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच नाटकाला जाणारे रसिक ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहेत, त्या मराठी वाचकांना या फिरस्तीमागचे कारण अमेरिकी वृत्तपत्रांपेक्षा लवकर कळावे. हे साम्य सर्वस्वी योगायोगाचेही नाही. १९६७ मध्ये बँडमध्ये आलेला दुसरा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने भारावला होता, अकरा मात्रांच्या आवर्तनावर बांधलेली रचना बँड १९६८ मध्येच वाजवू लागला होता, आणि मुंबईत वाढलेले झाकिर हुसेन व हार्ट यांच्या सहवासातून १९७६ मध्ये ‘दिगा’ ही तालवाद्यांची तबकडी निघाली.

चाहत्यांना संघटित करण्याचा पहिला प्रयत्न बँडकडूनच झाला. १९७१ मध्ये निघालेल्या दुहेरी तबकडीच्या वेष्टनावर एक छोटे आवाहन छापले होते: तुम्ही कोण आहात, कुठे आहात, नाव-पत्ता कळवा, म्हणजे तुम्हांला खबर देत राहू. आलेल्या पत्रांतून पत्त्यांची यादी तयार झाली आणि त्या यादीवर वार्तापत्रे जाऊ लागली. चाहता आणि कलावंत यांच्यामध्ये वृत्तपत्र, नभोवाणी वा दुकान यांपैकी कोणी मध्यस्थ नसावा, हा त्या काळी नवा असलेला विचार येथे आकाराला आला.

या प्रथेचा खरा कणा मात्र ध्वनिमुद्रण हा होता. प्रत्येक रात्र वेगळी, तर ती जपून ठेवावी असे वाटणारच. म्हणून काही श्रोते कपड्यांत लपवून यंत्रे आणि मायक्रोफोन आत नेत, आणि सुरुवातीच्या काळात बँडचे कामगार ते पकडून वायरी तोडीतही असत. हळूहळू ही सक्ती सैलावली, आणि १९८४ च्या ऑक्टोबरात बर्कली येथील कार्यक्रमापासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी, म्हणजे ‘टेपर’ मंडळींसाठी, आवाजाचे नियंत्रण जेथून होते त्या टेबलाच्या मागे स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकिटे ठेवण्यात आली. अट एकच होती: कॅसेटची अदलाबदल करावी, विक्री करू नये. देण्यासारखे काही नसलेला नवखा श्रोता कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपालहशील पाठवी, आणि अनोळखी माणूस त्या भरून परत धाडी. ज्या व्यवसायात चोरट्या प्रतींविरुद्ध कंपन्या न्यायालयात जात होत्या, त्याच व्यवसायातल्या एका बँडने आपला माल फुकट वाटू दिला आणि त्यामुळेच त्याचे प्रेक्षागार भरत राहिले, ही गोष्ट पुढे व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी मोठ्या कौतुकाने सांगितली. पण त्यात धूर्तपणापेक्षा पहारा ठेवण्याचा कंटाळा अधिक असावा, असे मानायला जागा आहे.

तिकिटांचीही स्वतःची रीत पडली. १९८३ पासून बँडने स्वतःचे तिकीट कार्यालय चालवले. तारखा दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित निरोपातून कळत, आणि मग ठरावीक आकाराचे कार्ड, पोस्टल मनीऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेले पाकीट असा ऐवज नेमक्या तारखेच्या शिक्क्यासह रवाना करावा लागे. हजारोंच्या ढिगाऱ्यात आपले पाकीट उठून दिसावे म्हणून लोक ते रंगवू लागले, आणि कवटी, गुलाब, नाचणारी अस्वले अशा बँडच्या चिन्हांनी मढवलेली ही पाकिटे एक लोककलाच होऊन बसली.

तिकीट मिळाले तरी महिनाभर रस्त्यावर राहायचे तर पोटापाण्याची सोय हवी. ती सभागृहाबाहेरच्या पार्किंगच्या मैदानात झाली. दुपारपासून तेथे जो बाजार भरे, त्याला १९७८ च्या एका तबकडीवरून ‘शेकडाउन स्ट्रीट’ हे नाव पडले होते. गाडीच्या मागच्या दारात शेगडी मांडून भाजलेली चीज-सँडविचे, बीन्स-भाताचे बरिटो आणि गाठी मारून रंगवलेले सदरे विकायचे, आलेल्या पैशात पेट्रोल भरायचे आणि पुढचे गाव गाठायचे, असा हा व्यवहार होता. ज्याच्याकडे तिकीट नसे तो एक बोट वर करून गर्दीतून फिरे. याचा अर्थ ‘चमत्कार हवा’, म्हणजे कोणीतरी जादा तिकीट फुकट द्यावे, असा असे, आणि असे दाते निघतही. याच मैदानात मादक पदार्थही उघड मिळत, आणि त्यांपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांचा ‘व्हार्फ रॅट्स’ हा गट मध्यंतरात पिवळ्या फुग्यांखाली जमे. या सगळ्याची वारीशी तुलना करण्याचा मोह होतो, परंतु वारीला पंढरपूर असते. या दौऱ्याला शेवटचा मुक्काम नव्हता, आणि ज्यांच्यासाठी चालायचे तेच पुढे चालले होते.

उतरण यशातून आली. १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत पोचले, आणि गाण्यापेक्षा मैदानातल्या जत्रेसाठी येणारे हजारो नवे लोक दौऱ्याला लागले. गावे कंटाळली, सभागृहांचे मालक नकार देऊ लागले, आणि १९८९ च्या सुमारास बँडला अनेक ठिकाणी मैदानातली विक्री आणि मुक्काम बंद करावा लागला. कायदाही कठोर झाला होता. एलएसडी हा पदार्थ कागदावर टिपून विकला जाई, आणि शिक्षेसाठी कागदाचेही वजन धरावे असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. त्या खटल्यात शुद्ध पदार्थ सुमारे ५० मिलिग्रॅम होता आणि कागदासह वजन ५.७ ग्रॅम भरले होते, तर किमान पाच वर्षांच्या कैदेला एक ग्रॅम पुरे होता. दौऱ्यावरची अनेक तरुण मुले या हिशेबाने तुरुंगात गेली.

२ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डिअर क्रीक येथे गार्सियाला ठार मारण्याची धमकी आलेली असतानाच हजारो विनातिकीट लोकांनी कुंपण पाडले. पोलिसांनी पुढे काम करण्यास नकार दिल्याने दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला, आणि तिकीट नसेल तर येऊ नका, असे बँडने पत्रक काढून आपल्याच लोकांना विनवले. ९ जुलैला शिकागो येथे शेवटचा कार्यक्रम झाला, आणि ९ ऑगस्टला गार्सिया वयाच्या ५३ व्या वर्षी वारला. त्याच्या अस्थींचा काही भाग १९९६ च्या एप्रिलमध्ये ऋषिकेशला गंगेत सोडण्यात आला. त्याचे सहकारी पुढेही निरनिराळ्या नावांनी दौरे करीत राहिले, आणि मैदानातला बाजारही त्यांच्याबरोबर हिंडत राहिला.

बँडचे दप्तर २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेला देण्यात आले. त्यात करारनामे आणि छायाचित्रे यांच्या जोडीला चाहत्यांनी तिकिटासाठी रंगवून पाठवलेली ती पाकिटेही आहेत.