डॉक्टर डग्लस यांच्या टेबलापाशी

साल 1730, लंडनचा हिवाळा. दगडी कोळशाच्या धुराने भर दुपारी अंधारलंय आणि तुम्ही डॉ. जेम्स डग्लस यांच्या घराचा जिना चढताय. गल्लीतल्या कोणीतरी तुम्हाला आधीच सांगितलं असेल, सशांच्या भानगडीतले डॉक्टर ते हेच. चार वर्षांपूर्वी मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपण ससे प्रसवतो असं सोंग आणलं. राजदरबारचा सर्जनही त्याला भुलला, पण डग्लस भुलले नाहीत. डोळ्यांनी दिसेल आणि हाताला लागेल तेच खरं मानणारा माणूस.

दार उघडताच वास नाकात जातो. प्रेत टिकवण्याची धड सोय नाही, म्हणून चिरफाड शिकवायची ती थंडीतच. तरीही आतडी आधी नासतात, त्यामुळे डग्लस घाईत आहेत. टेबलावर एका बाईचं प्रेत आहे. कुठून आलं ते विचारू नका.

पोट उघडलेलं आहे. मेणबत्ती जवळ नेली की आतली भिंत ओली, गुळगुळीत चकाकते. हे पर्युदर, म्हणजे पेरिटोनियम. तुमच्या शेजारी उभ्या विद्यार्थ्यांना जुन्या ग्रंथांनी शिकवलंय की हे पटल दुहेरी असतं आणि मूत्रपिंडं, मूत्राशय, मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या दोन पदरांच्या मध्ये बसलेल्या असतात. डग्लस वाद घालत बसत नाहीत. ते तुमचं मनगट धरतात आणि बोट बेंबीच्या आतल्या बाजूला टेकवतात. आता ते उचलायचं नाही.

वर सरकवा. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा लागेल. तिथून पटल वळून यकृतावर येतं, यकृताखालून जठरावर उतरतं. जठराच्या खालच्या कडेपासून चरबीचा मोठा पडदा, म्हणजे वपा, आतड्यांवर लोंबतोय. त्याच्या पुढून खाली जा, काठावरून वळा, मागून वर या. मोठं आतडं ओलांडून बोट पाठीच्या भिंतीवर येतं.

इथे थांबा. छोट्या आतड्याला पाठीशी बांधून ठेवणारी घडी इथूनच सुटते. तिचं मूळ जेमतेम पंधरा सेंटिमीटर, कण्याच्या डावीकडून खाली उजवीकडे तिरकं गेलेलं, आणि दुसऱ्या काठावर सहाएक मीटर आतडं. नऊवारीच्या निऱ्या कमरेशी मुठीत मावाव्यात आणि पायांशी घेर धरावा, तसाच हा प्रकार. आतड्याच्या रक्तवाहिन्या याच घडीतून येतात. सगळ्या घड्या उलगडून मोजल्या तर पर्युदराचं क्षेत्रफळ जवळपास अंगावरच्या त्वचेइतकं भरतं.

आता खाली. गुदाशयाच्या पुढच्या बाजूने बोट उतरतं, एका खोलगट कोनात अडतं आणि पुन्हा वर चढतं. गर्भाशयाची पाठ, माथा, मग मूत्राशय, मग पुढची भिंत. आणि बेंबी! बोट कुठेही न उचलता, काहीही न फाडता तुम्ही परत आलात. पटल एकच आहे.

मूत्रपिंड मात्र लागलं नाही. पाठीच्या भिंतीवर फक्त उंचवटा जाणवला. डग्लस प्रेत पालथं घालतात, कमरेचे स्नायू आणि चरबी बाजूला सारतात आणि मूत्रपिंड काढून दाखवतात. पटलाला भोकही पडलेलं नाही. ग्रंथांनी ज्याला बाहेरचा पदर म्हटलं, तो साध्या जाळीदार ऊतीचा थर निघाला. बारीक पाहिलं तर आतडी आणि जठरही पिशवीच्या आत नाहीत. बाहेरून तिला रेटत आलेली आहेत आणि तिनेच त्यांना लपेटलंय. पोकळीत असतो तो वंगणापुरता थोडासा द्रव.

या बारकाव्याची त्या काळात किंमत जिवाची होती. पर्युदर कापलं की रोगी बहुधा दगावायचा. भरलेलं मूत्राशय वर येताना पटलाला वर ढकलतं, मग ओटीपोटातून पर्युदर न कापता त्याच्यापर्यंत पोचता येतं. हे ओळखून डग्लस यांचा भाऊ जॉन याने 1719 मध्ये मूत्राशयातला खडा वरच्या बाजूने काढला. ईथरची गुंगी यायला अजून सव्वाशे वर्षं होती, रोग्याला घट्ट धरूनच हे सारं उरकायचं. माझ्या मते पर्युदराच्या अभ्यासाचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी सगळी विद्वत्ता.

डग्लस यांचं पर्युदरावरचं पुस्तक याच वर्षी छापलं गेलं. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये विन्स्लो जठरामागच्या लहान पोकळीचं दार वर्णन करतील, पण तोवर थांबू नका, वास असह्य होतोय.

परत आजच्या पुण्यात या आणि घरातल्या एखाद्या बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा. त्यात ‘पीओडी’ लिहिलेलं असेल, म्हणजे ‘पाउच ऑफ डग्लस’, तुमचं बोट अडलं तोच कोन. उभ्या बाईच्या पोटातली ती सगळ्यात खालची जागा, म्हणून पोटात रक्त किंवा पू साचला की आधी तिथे दिसतो. आणि मूत्रपिंडं निकामी झालेले अनेकजण आज घरीच, दिवसातून तीन-चार वेळा, सुमारे दोन लिटर द्रव याच पोकळीत सोडतात आणि काही तासांनी काढून घेतात. रक्तातली घाण पर्युदरातून झिरपून त्या द्रवात उतरते. जे मूत्रपिंड डग्लस यांनी पिशवीबाहेर दाखवलं, त्याचं काम ती पिशवी करते.