जुन्या साठवणीची निवृत्ती

साठवण म्हणजे काय हे खडकवासल्याच्या माणसास सांगावयास नको. १८७० च्या दशकात बांधलेली येथली भिंत १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्यापुढे टिकली नाही. पण पुण्याला पाणी हवे होते, म्हणून ती पुन्हा उभी राहिली. आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकातल्या एका साठवणीविषयी, जी पुन्हा उभी राहिली नाही.

आम्ही हा विषय शाळेत शिकलेलो नाही. आमच्या संघटनेची जुनी सभासद-यादी फ्लॉपीवर होती. फ्लॉपी वाचणारे यंत्र आम्हीच भंगारात घातले आणि मग यादी आठवली. त्या फजितीपासून चौकशी सुरू झाली.

लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली कार्यप्रणाली. कोणता मजकूर तबकडीवर कोठे ठेवला, हे सांभाळणाऱ्या भागास फाइल सिस्टिम म्हणतात. हान्स रायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली रायझरएफएस २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात आली. तिची खुबी दुकानदाराला चटकन कळेल. माल हलविण्यापूर्वी ती आपल्या रोजकीर्दीत नोंद करी. मध्येच वीज गेली तर सबंध कोठार तपासण्याऐवजी तेवढी कीर्द पाहून हिशेब जुळे. गाभ्यात आलेली अशी ही पहिलीच.

पुढे २००८ साली रायझर पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरले. माणूस तुरुंगात गेला. त्याने मांडलेला संसार मात्र इतरांच्या गळ्यात राहिला. गाभ्यातला सामायिक भाग बदलला की प्रत्येक फाइल सिस्टिम त्याप्रमाणे दुरुस्त करावी लागते, मग ती वापरणारे चार असोत की चार लाख. ही मजुरी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. जुने टिकवा, असे म्हणणारे पुष्कळ. पान्हा हातात घेणारे थोडे.

२०२२ च्या प्रारंभी मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ती काढण्याचा प्रश्न उपस्थित केला. तडकाफडकी काही झाले नाही. २०२५ मध्ये ती जाईल, अशी सूचना त्याच वर्षी गाभ्यात नोंदविली गेली. २०२३ मध्ये तिच्यावर कालबाह्य असा शिक्का बसला. आणि जानेवारी २०२५ मध्ये निघालेल्या ६.१३ या आवृत्तीत ती नव्हती. आपला मजकूर दुसरीकडे हलविण्यास जवळजवळ तीन वर्षे मिळाली. पाळीवर आल्यावर फाटकावरची नोटीस वाचणारे कामगार आम्ही पाहिले आहेत, म्हणून या मुदतीचे आम्हांस मोल वाटते. जुनी आवृत्ती चालविणाऱ्यास ती तबकडी आजही उघडता येते. पण तशी आवृत्ती व यंत्र जपून ठेवणे हे ज्याचे त्याने पाहावयाचे. आमच्या यादीचे काय झाले ते सांगितलेच.

या प्रकरणातील एक गोष्ट आम्हांस फार लागली. तुरुंगातून रायझर यांनी लिहिलेले पत्र जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काढणारच असाल तर काढा, पण शेवटच्या एका आवृत्तीपुरती माहितीपत्रकातील श्रेयनामावली सुधारा, अशी त्यांची विनंती होती. मिखाईल गिलुला, कोन्स्तान्तिन श्वाच्को व अनातोली पिंचुक या सहकाऱ्यांची नावे तीत नव्हती, आणि ती का नाहीत याविषयी आपण काही लिहिले असेल तर तेही पुसा, असे त्यांनी कळविले. त्याच वर्षी ते माहितीपत्रक दुरुस्त झाले. पुढे सबंध फाइल सिस्टिम काढली तेव्हा तेही गेले. लिनक्सच्या बदलांच्या इतिहासात मात्र ती तिन्ही नावे शोधणाऱ्यास सापडतात.