सहा-शून्य, सहा-शून्य : बायकांच्या टेनिसमध्ये 'स्पर्धा' कधी होती?

१२ जुलै २०२५. विम्बल्डनची महिलांची फायनल. पोलंडच्या इगा स्विआतेकने अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं, तेही ५७ मिनिटांत. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर निकाल लागून गेला होता : "बायकांच्या टेनिसला काही स्पर्धाच राहिली नाही राव."

हे वाक्य टाकणारे आमचे स्नेही २०१८ साली नेमकं उलटं बोलत होते. तेव्हा २०१७च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून २०१८च्या अमेरिकन ओपनपर्यंत आठ ग्रँडस्लॅम झाल्या आणि आठ वेगवेगळ्या विजेत्या निघाल्या. सेरेना, ओस्टापेन्को, मुगुरुझा, स्टीफन्स, वोझ्नियाकी, हालेप, कर्बर, ओसाका. तेव्हा यांचं म्हणणं, "दर वेळी नवीनच कोणीतरी जिंकते, म्हणजे दर्जाच नाही." म्हणजे एक जिंकत राहिली तर बाकीच्या कच्च्या, आणि आठ जणी जिंकल्या तर आठही कच्च्या. तिकडे पुरुषांत फेडरर, नदाल, जोकोविच या तिघांनी मिळून ६६ ग्रँडस्लॅम घेतल्या, तर त्याला आपण सगळे सुवर्णयुग म्हणतो. मीही म्हणतो. क्रीडा पानावर तसे मथळेही दिलेत.

म्हणून जरा मागं जाऊन बघू. कारण विम्बल्डनच्या महिला फायनलमध्ये ६-०, ६-० हा स्कोअर त्याआधी एकदाच लागला होता, १९११ साली. डोरोथिया लँबर्ट चेंबर्सने डोरा बूथबीला तसं हरवलं. बूथबी म्हणजे कुणी पोरसवदा खेळाडू नव्हती, १९०९ची विम्बल्डन विजेती होती. पण तेव्हाचा नियम ऐका. मागच्या वर्षीची विजेती थेट शेवटच्या सामन्यात उतरायची. बाकीच्यांनी आपसात खेळून एक आव्हानवीर ठरवायची, आणि राणीसाहेब ताज्यातवान्या येऊन एक मॅच खेळून करंडक घेऊन जाणार. ही पद्धत १९२१ पर्यंत चालली. चेंबर्सच्या नावावर सात विम्बल्डन आहेत. त्या सात आणि आजच्या सात एका तराजूत कशा घालायच्या?

एकाच मॅचवर विजेतेपद, ही झाली मैदानावरची सवलत. पण खरी मेख वेगळी आहे. मैदानात कोण उतरू शकत होतं, हे बघितल्याशिवाय 'स्पर्धा' हा शब्द वापरू नये असं माझं मत आहे.

मार्गारेट कोर्टचं उदाहरण घ्या. एकेरीत २४ ग्रँडस्लॅम, महिलांमध्ये सर्वाधिक. त्यातल्या १३ व्यावसायिक खेळाडूंना दारं उघडण्याच्या, म्हणजे १९६८च्या आधीच्या. आणि २४ पैकी ११ एकट्या ऑस्ट्रेलियातल्या. १९६० ते १९६६ सलग सात वर्षं तीच जिंकली. पहिल्या चार वर्षांत तर फायनलला समोर दर वेळी एकच बाई, जॅन लेहेन. १९६६ची फायनल झालीच नाही, नॅन्सी रिचीने माघार घेतली. खेळाला पैसा नव्हता आणि ऑस्ट्रेलिया लांब. युरोप-अमेरिकेतल्या किती जणी स्वतःच्या खिशाला खार लावून तिकडे जाणार? पैसा आल्यावरही बरीच वर्षं हीच रड होती. ख्रिस एव्हर्ट ऐन भरात असताना, १९७४ नंतर थेट १९८१लाच ऑस्ट्रेलियात खेळली. १९७६ ते ७८ तर ती फ्रेंच ओपनलाही गेली नाही, अमेरिकेतली सांघिक लीग खेळत राहिली. तेव्हा खेळाडू ग्रँडस्लॅमची बेरीज करत बसत नव्हत्या. ती बेरीज आपण आत्ता करतोय.

कोर्ट कच्ची होती असं मात्र कुणी म्हणू नये. १९७० साली तिने चारही ग्रँडस्लॅम जिंकल्या. त्यात विम्बल्डनची फायनल बिली जीन किंगविरुद्ध १४-१२, ११-९. फक्त दोन सेट आणि ४६ गेम! अशी मॅच दुबळ्या काळात होत नाही.

आता ज्यांना येऊच दिलं नाही त्यांचं. अल्थिया गिब्सन ही अमेरिकेची कृष्णवर्णीय खेळाडू. १९५० पर्यंत तिला स्वतःच्या देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नव्हता. ॲलिस मार्बल या जुन्या विजेतीने एका टेनिस मासिकात जाहीर पत्र लिहून संघटनेची लाज काढली, तेव्हा दार किलकिलं झालं. १९५६ साली गिब्सन फ्रेंच स्पर्धा जिंकली तेव्हा २८ वर्षांची होती. ५७ आणि ५८ला विम्बल्डन आणि अमेरिकन दोन्ही जिंकल्या, आणि १९५८ नंतर हौशी टेनिस सोडलं, कारण करंडकावर पोट भरत नाही. एकूण पाच. कोर्टचे २४ आणि गिब्सनचे ५ हे आकडे शेजारी शेजारी छापले की काय कळतं? काही नाही. तिच्याआधीच्या किती जणी दाराबाहेरच राहिल्या याचा तर आकडाच नाही.

आपल्याकडचंही एक नाव इथे घ्यायला हवं. मुंबईची लीला राव. १९३४ साली विम्बल्डनमध्ये एकेरीची मॅच जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तिची आई पंडिता क्षमा राव, पुण्यात जन्मलेल्या, संस्कृत लेखिका आणि स्वतःही टेनिस खेळणाऱ्या. त्या काळी विम्बल्डनपर्यंत पोचायला हातात रॅकेट असून भागत नव्हतं, घरही तसंच लागायचं.

१९७० साली लॉस एंजलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर ठेवले होते. त्यावरून बिली जीन किंगसह नऊ जणींनी बंड केलं आणि प्रत्येकी एका डॉलरचा करार करून वेगळी वाट धरली. १९७३ला महिला खेळाडूंची संघटना झाली, त्याच वर्षी अमेरिकन ओपनने समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला ते द्यायला २००७ उजाडलं. पैसा आला तशा जास्त देशांतल्या, जास्त घरांतल्या मुली आल्या. स्पर्धा अशी वाढते.

तरीही पुढचा काळ बघा. डिसेंबर १९८१च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून जुलै १९८५च्या विम्बल्डनपर्यंत सलग १५ ग्रँडस्लॅम फक्त दोघींनी वाटून घेतल्या, मार्टिना नवरातिलोवा आणि एव्हर्ट. १९८३ मध्ये नवरातिलोवा वर्षभरात ८६ मॅच जिंकली, हरली एक. ही साखळी हाना मांडलिकोवाने १९८५च्या अमेरिकन ओपनमध्ये तोडली, तीही दोघींना एकाच स्पर्धेत हरवून. मग हा काळ दुबळा का? दोघी आपसात ८० वेळा खेळल्या, ४३-३७. टोकाला एवढी घासाघीस टेनिसमध्ये फार कमी वेळा झाली आहे. पण एव्हर्ट खेळलेल्या ३४ ग्रँडस्लॅममध्ये ओळीने उपांत्य फेरीत पोचली, हेही खरं. त्यात तिचा दर्जा आहेच, आणि पहिल्या तीन-चार फेऱ्या आजच्या मानाने सोप्या होत्या हेही आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं. टपरीवर एवढं ऐकून घ्यायला वेळ नसतो.

आता स्टेफी ग्राफ. २२ ग्रँडस्लॅम, १९८८ला चारही आणि वर ऑलिंपिक सुवर्ण. त्याच वर्षीच्या फ्रेंच फायनलमध्ये तिने नताशा झ्वेरेव्हाला ६-०, ६-० हरवलं, जेमतेम अर्ध्या तासात. मिन्स्कची झ्वेरेव्हा तेव्हा १७ वर्षांची होती आणि त्याच स्पर्धेत नवरातिलोवाला हरवून आली होती! सोव्हिएत व्यवस्थेत बक्षिसाचा पैसा खेळाडूच्या हाती पडत नसे. पुढच्या वर्षी या मुलीने तो आपल्याला मिळावा, असं जाहीरपणे सुनावलं.

पण ग्राफच्या आकड्यात एक सुरी आहे. ३० एप्रिल १९९३. हॅम्बुर्गला मोनिका सेलेस बाजू बदलताना खुर्चीवर बसली होती. ग्राफच्या एका माथेफिरू चाहत्याने मागून येऊन तिच्या पाठीत सुरा खुपसला. ग्राफ पुन्हा नंबर एक व्हावी, एवढाच हेतू. तेव्हा १९ वर्षांच्या सेलेसकडे आठ ग्रँडस्लॅम होत्या. १९९०ची फ्रेंच ते १९९३ची ऑस्ट्रेलियन या १२ स्पर्धांत सेलेस आठ, ग्राफ दोन. हल्लेखोराला निलंबित शिक्षा झाली, तुरुंगवास नाही. सेलेस पुन्हा कधी जर्मनीत खेळली नाही. तिचा क्रमांक गोठवावा का, असं अव्वल खेळाडूंना विचारलं तेव्हा जवळपास सगळ्यांनी नकार दिला. एकटी सबातिनी तटस्थ राहिली.

मी तेव्हा शाळेत होतो. त्या जुलैत दूरदर्शनवर विम्बल्डनची फायनल बघितली. ग्राफविरुद्ध याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे असताना कोसळली आणि नंतर डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर रडली. आमच्या घरी सगळे नोवोत्नासाठी हळहळले. जी तिथे नव्हतीच, तिचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

सेलेस दहा ग्रँडस्लॅमना मुकली. त्यातल्या सहा ग्राफने जिंकल्या. बाकीच्या चार आरांचा सांचेझ, कोंचिता मार्टिनेझ आणि मेरी पिअर्स यांनी. म्हणजे मैदान मोकळं झालं आणि सगळं आपोआप ग्राफच्या झोळीत पडलं, असंही नाही. आणि हल्ल्याआधी १९९२ची विम्बल्डन फायनल ग्राफनेच सेलेसविरुद्ध ६-२, ६-१ जिंकली होती. ग्राफचा यात काडीचाही दोष नाही. पण तिचे २२ सांगताना ११ हल्ल्याआधीचे आणि ११ नंतरचे, एवढं तरी सांगायला हवं. स्पर्धेची ताकद कधी नियमाने कमी होते, कधी पैशाने, कधी कातडीच्या रंगाने. इथे ती एका माणसाने हाताने कमी केली.

सेरेना विल्यम्सचे २३ मला कोर्टच्या २४ पेक्षा जड वाटतात, ते यामुळेच. १९९९ ते २०१७ या काळात तिने फायनलमध्ये १४ वेगवेगळ्या खेळाडूंना हरवलं, त्या ११ देशांच्या. स्वित्झर्लंड, रशिया, बेलारूस, सर्बिया, पोलंड, डेन्मार्क असे. सोव्हिएत संघ फुटला, पूर्व युरोप मोकळा झाला, त्याचा हा परिणाम. आणि २३ पैकी सात वेळा समोर सख्खी बहीण व्हीनस! आई झाल्यावर ती आणखी चार फायनल खेळली आणि चारही हरली. कर्बर, ओसाका, हालेप, आंद्रेस्कू, दर वेळी वेगळी.

खालच्या फळीची ताकद बघायची तर २०२१ची अमेरिकन ओपन घ्या. दीडशेव्या क्रमांकाची एम्मा राडुकानू पात्रता फेरीतून आली आणि दहा मॅच एकही सेट न गमावता जिंकली. लोक म्हणाले लॉटरी. मला विचाराल तर दीडशेवी खेळाडूही करंडकाच्या लायकीची असणं, ही पूर्वी नसलेली गोष्ट आहे. २०१७ला मुंबईत सीसीआयवर महिलांची एक मधल्या दर्जाची स्पर्धा झाली. ती जिंकलेल्या मुलीचं नाव तेव्हा आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नव्हतं. आर्यना सबालेन्का. तीही मिन्स्कचीच.

राहता राहिली अनिसिमोव्हा. विम्बल्डनच्या त्या फायनलला येताना तिने उपांत्य फेरीत नंबर एकच्या सबालेन्कालाच हरवलं होतं. हे टपरीवर कुणी सांगितलं नाही. आणि त्या ६-०, ६-० नंतर दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा समोर स्विआतेक आली. अनिसिमोव्हाने तिला ६-४, ६-३ हरवलं. आमच्या पानावर ती बातमी चार ओळींची होती, खाली डाव्या कोपऱ्यात. लावणारा मीच.