सीपॅप यंत्राची निगा

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद होणे, म्हणजे अवरोधी स्लीप ॲप्निया. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सीपॅप उपचारात हवेच्या दाबाने हा मार्ग खुला राखला जातो. यंत्र विकार बरा करीत नाही, तो आवरून धरते. त्यामुळे किरकोळ त्रासाला कंटाळून ते बाजूला ठेवल्यास श्वास पुन्हा अडू लागतो.

मास्कची कड रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवावी, नळी आठवड्यातून एकदा. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घालावे. उरलेले पाणी सकाळी ओतून द्यावे. मळलेला फिल्टर वेळीच बदलावा.

तोंड कोरडे पडणे हे बहुधा तोंडावाटे हवा निसटत असल्याचे लक्षण असते. अशा वेळी हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड झाकणारा मास्क उपयोगी पडतो. डोळ्यांना वारा लागत असल्यास पट्टे आवळण्याआधी मास्कचे माप तपासावे. नळीत पाणी साचत असल्यास आर्द्रता थोडी कमी करावी व यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे. हवेचा दाब मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना कधीही बदलू नये.